टक्क्याच्या दोन खुणांमध्ये

पहिल्या ओळीवर टक्क्याची खूण, शेवटच्या ओळीवर टक्क्याची खूण आणि मधे तीस-पस्तीस आखूड ओळी. सीएनसी लेथवर होणाऱ्या साध्या बुशची फाइल एवढीच असते. तिच्या नावाला शेपूट म्हणून कधी 'एनसी' लागतं, कधी 'टॅप', सीमेन्सच्या कंट्रोलवर 'एमपीएफ', तर कुठे नुसतंच 'टीएक्सटी'. शेपूट कुठलंही असो, साध्या नोटपॅडमध्ये उघडली की आत एकच प्रकार दिसतो: एक अक्षर आणि त्याला चिकटलेला आकडा, पुन्हा अक्षर, पुन्हा आकडा. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत, मोरिवलीत, बदलापूरच्या गाळ्यांमध्ये दर पाळीला अशा फाइली उघडतात, मशीनमध्ये जातात, दुरुस्त होतात. तिथे यांना फाइल कुणी म्हणत नाही, 'प्रोग्राम' म्हणतात. भाषेचं नाव जी-कोड, पण तेही तोंडी फारसं येत नाही. 'प्रोग्राम टाकलास का?' आणि 'प्रोग्रामला हात कुणी लावला?' ही दोन वाक्यं मात्र दिवसभर कानावर पडतात.

मी या फाइली लिहितो, दुसऱ्यांच्या वाचतो आणि आयटीआयमधून नव्यानं आलेल्या मुलामुलींना वाचायला शिकवतो. मशीनच्या पडद्यावर अक्षरं रोमन असतात. इथे ती देवनागरीत लिहितो.

ओ००२१
(बुश, आतला व्यास ५० एच७)
जी२१ जी४० जी९९
जी५० एस२५००
टी०१०१
जी९६ एस२०० एम०३
जी०० एक्स७४. झेड०. एम०८
जी०१ एक्स-१.६ एफ०.२

ही झाली सुरुवात. 'ओ' हा प्रोग्रामचा नंबर. जी२१ म्हणजे मापं मिलिमीटरमध्ये. टी०१०१ म्हणजे पहिलं टूल घे. एम०३ नं स्पिंडल फिरू लागतो, एम०८ नं कूलंट सुरू होतं. जी०० म्हणजे धावत जा, जी०१ म्हणजे सरळ रेषेत कापत जा. पहिल्या आठवड्यात एवढं सगळ्यांना येतं, आणि मग मुलांना वाटतं की फाइल वाचता आली.

तेव्हा मी त्यांना विचारतो, यात बुश कुठे आहे ते दाखवा. कुणालाच दाखवता येत नाही, कारण ती नाहीच. तिची आकृती नाही, तिची जाडी नाही, ती कशासाठी आहे याचा पत्ता नाही. ड्रॉइंगवर वस्तू असते. या फाइलीत फक्त टूलच्या टोकाची वाट असते. गावात पत्ता सांगताना माणूस जसं घराचं वर्णन न करता 'सरळ जा, मग उजवीकडे वळा' म्हणतो, तसं हे लिखाण. त्यातही दोन पद्धती. मिलिंगच्या प्रोग्राममध्ये जी९० म्हटलं की प्रत्येक माप एकाच ठरलेल्या बिंदूपासून मोजायचं, आणि जी९१ म्हटलं की आत्ता उभे आहोत तिथून. आकडे तेच, पण हा एक शब्द बदलला तर टूल दुसऱ्याच ठिकाणी पोचतं.

शिवाय या भाषेला स्मरण आहे. जी०१ एकदा लिहिलं की पुढच्या ओळींत ते पुन्हा लिहावं लागत नाही. दुसरी आज्ञा येईपर्यंत मशीन सरळ कापतच राहतं. म्हणून मधली एकच ओळ वाचून काही कळत नाही. नुसतं 'झेड-४०.' एवढंच लिहिलेलं दिसलं, तर ते धावत जायचं की कापत जायचं हे ठरवायला डोळा वर न्यावा लागतो, कधी दहा ओळी, कधी वीस. नव्या मुलांना मी आलेखाचा कागद आणि पेन्सिल देतो. एकेक ओळ वाचायची आणि टूलच्या टोकाची रेघ ओढायची. धावती वाट तुटक, कापती वाट अखंड. शेवटी कागदावर बुशचा अर्धा छेद आपोआप उमटतो. लेथवर एक्सचं माप हा व्यास असतो, त्रिज्या नव्हे, हे त्या कागदावर सगळ्यांना एकदा तरी नव्यानं कळतं.

आता ती 'एक्स-१.६' ची ओळ पाहा. सळईचं तोंड सपाट करायचं आहे. टूल बाहेरून केंद्राकडे येतं. केंद्र म्हणजे एक्स शून्य. मग त्याच्याही पलीकडे, उणे एक पूर्णांक सहापर्यंत का जायचं? कारण टूलच्या इन्सर्टचं टोक अणकुचीदार नसतं, त्याला ०.८ मिलिमीटरची गोलाई असते. शून्यावर थांबलं तर मधोमध बारीकसा उंचवटा राहतो. गोलाई ०.८, व्यासात मोजली तर दुप्पट, १.६. हे सगळं त्या एका आकड्यात दडलेलं आहे आणि फाइलीत त्याबद्दल अवाक्षर नाही. उद्या कुणी ०.४ चा इन्सर्ट लावला तर आकडा बदलायला हवा, हेही ती सांगत नाही. ज्याला कारण माहीत आहे त्यालाच ते दिसतं.

ही भाषा अशी का आहे, हे तिच्या जन्मात शोधावं लागतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स नावाच्या कारखानदाराकडे हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम होतं. पात्याच्या वक्र कडेवरचे बिंदू गणितानं काढायचे आणि मशीन त्या बिंदूंवर नेऊन कापायचं, अशी त्याची रीत. एक माणूस तक्त्यावरचे आकडे मोठ्यानं वाचायचा आणि दोघं कामगार एकेका अक्षाचं चाक फिरवून मशीन तिथे न्यायचे. पुढे अमेरिकन हवाई दलाच्या पैशातून एमआयटीच्या प्रयोगशाळेनं ती चाकं मोटरींना जोडली आणि १९५२ साली छिद्रांच्या फितीवर चालणारं पहिलं मिलिंग मशीन दाखवलं. म्हणजे आज आपण जे वाचतो ते मुळात एका माणसानं दुसऱ्याला ओरडून सांगितलेले आकडे आहेत. ऐकणारे दोघं त्या लिखाणातून तेव्हाच वगळले गेले.

फितीचा अवशेष अजून फाइलीत आहे. एक इंच रुंदीची कागदी फीत, आठ रांगांची छिद्रं, इंचाला दहा अक्षरं. फितीवर कोरा भाग कुठे संपतो आणि मजकूर कुठे सुरू होतो हे वाचकयंत्राला कळावं म्हणून टक्क्याची खूण. एम३० म्हणजे प्रोग्राम संपला, फीत गुंडाळून पुन्हा सुरुवातीला आण. 'टॅप' हे शेपूटही टेपवरूनच आलेलं. आज प्रोग्राम पेनड्राइव्हवरून जातो, जुन्या कंट्रोलवर आरएस-२३२ च्या केबलनं जातो, तरी खुणा त्याच. १९८० च्या सुमारास अमेरिकेत आरएस-२७४-डी आणि नंतर आयएसओ ६९८३ या मानकांनी ही लिपी पक्की केली. पक्की म्हणजे साधारण. प्रत्येक कंट्रोल बनवणाऱ्यानं आपली भर घातलीच. फानुकवर लिहिलेलं सीमेन्सवर जसंच्या तसं चालेलच असं नाही.

एकाच कंपनीच्या दोन कंट्रोलवरसुद्धा चालेल याची खात्री नसते, आणि हे मला या भाषेचं सगळ्यात धारदार टोक वाटतं. वर 'एक्स७४.' लिहिलं आहे. चौऱ्याहत्तरच्या पुढचं ते टिंब छपाईची चूक नाही. फानुकच्या नेहमीच्या मांडणीत टिंब दिलं तर माप मिलिमीटरमध्ये, आणि विसरलं तर सगळ्यात लहान एककात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. 'एक्स७४' म्हणजे ०.०७४ मिलिमीटर. चौऱ्याहत्तरवर थांबायचं टूल जी०० च्या वेगानं थेट केंद्राच्या दिशेनं निघतं आणि वाटेत फिरता जॉब असतो. शॉपमध्ये याला 'टूल ठोकलं' म्हणतात. पण कंट्रोलच्या पॅरामीटरमध्ये एक बिट बदलून ठेवलेला असेल, तर टिंब नसतानाही तो ७४ मिलिमीटर धरतो. तीच फाइल, शेजारशेजारची दोन मशीनं, आणि दोन अर्थ. म्हणून जाणता सेटर नवा प्रोग्राम सिंगल ब्लॉकवर, एकेक ओळ थांबत चालवतो. एक हात फीडच्या नॉबवर असतो, नजर पडद्यावरच्या 'उरलेलं अंतर' या रकान्यावर.

जी९६ ची गोष्टही सांगायला हवी. एस२०० म्हणजे कापताना धातूचा पृष्ठभाग मिनिटाला २०० मीटर वेगानं टूलसमोरून जावा. व्यास ७० असताना त्यासाठी मिनिटाला साधारण ९०९ फेरे लागतात. टूल आत आलं, व्यास १० उरला, की ६३६६ फेरे. केंद्रावर गणिताचं उत्तर अनंत. कंट्रोल बिचारा हिशेब पाळायला निघतो आणि स्पिंडल ओरडू लागतो. फेरे वाढले की चकचे जबडे बाहेर ओढले जातात, पकड ढिली होते आणि जॉब सुटू शकतो. याला अडवणारी ओळ म्हणजे जी५० एस२५००: काही झालं तरी अडीच हजार फेऱ्यांच्या वर जायचं नाही. त्या ओळीनं एकही चीप निघत नाही. ती नसली तरी पहिले काही जॉब व्यवस्थित निघतील. कुणाचा प्रोग्राम तपासताना मी सगळ्यात आधी तीच ओळ शोधतो.

आणि टी०१०१. पहिले दोन आकडे टूलचे, पुढचे दोन ऑफसेटचे. फाइल एवढंच म्हणते की पहिल्या टूलसाठी एक नंबरच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघ. तो रकाना फाइलीत नाही. तो मशीनच्या पोटात आहे आणि तिथला आकडा सेटरनं जॉबला टूल टेकवून, माप घेऊन भरलेला आहे. ५० एच७ म्हणजे भोक पन्नासपेक्षा कमी नको आणि पंचवीस मायक्रॉनहून जास्त मोठंही नको. इन्सर्ट झिजतो तसं भोक लहान होत जातं. सेटर प्रोग्रामला हात न लावता झिजेच्या रकान्यात ०.०१ मारतो. नुकताच निघालेला जॉब दहा अंशांनी गरम असेल तर पन्नासचं भोक सुमारे सहा मायक्रॉन मोठं दिसतं आणि थंड झाल्यावर आकसतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी आणि पहाटे एकच आकडा चालत नाही, हे तो हिशेब न मांडता जाणतो. संध्याकाळी त्या मशीनवरून प्रोग्राम पेनड्राइव्हवर उतरवून घेतला, तर त्यात सकाळपासूनच्या या शहाणपणातलं काहीच येत नाही. फाइल सकाळी होती तशीच असते.

हे शहाणपण अंबरनाथमध्ये एका दिवसात आलेलं नाही. आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी हे दोन सरकारी कारखाने १९५०च्या दशकात इथे उभे राहिले. तिथे आणि आयटीआयमध्ये हाताच्या लेथवर तयार झालेल्या टर्नरांच्या पिढ्या या पट्ट्यात राहतात. जुने लोक अजून सूत आणि थाऊ अशी मापं बोलतात. बरेच जण निवृत्त होऊन लहान गाळ्यांमध्ये शिकवायला आले. हँडव्हीलमधून कळणारा धातूचा विरोध त्यांच्या बोटांना ठाऊक होता. सीएनसीच्या पॅनेलवर ते आवाजावरून ओळखू लागले की कट जड झालाय.

पॅनेलवर एक लहानशी किल्ली असते. ती फिरवली की प्रोग्राम बदलता येतो, बंद केली की नुसता चालवता येतो. काही शॉपमध्ये ती सुपरवायझरच्या खणात असते, काही ठिकाणी गंज चढेपर्यंत कुलपातच राहते. डेव्हिड नोबल या अमेरिकन इतिहासकारानं १९८४ साली 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या पुस्तकात या किल्लीचाच इतिहास मांडला आहे, असं मी म्हणेन. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन वाटा समोर होत्या. एक अशी की कसबी कारागिरानं पहिला जॉब हातानं करायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदल्या जातील आणि मशीन त्या पुन्हा करील. दुसरी, ऑफिसात बसून आकडे लिहायचे. दुसरी वाट जिंकली. नोबलचं म्हणणं असं की ती केवळ तांत्रिक सरसपणामुळे जिंकली नाही. कामावरचा ताबा कामगाराच्या हातून व्यवस्थापनाकडे नेण्याची इच्छाही तिच्यामागे होती.

मला त्याचं म्हणणं पटतं. तरी किल्ली नकोच, असंही माझं मत नाही. ज्याला जी५० ची ओळ का आहे हे माहीत नाही त्याच्या हाती ती देऊ नये. पण जो ऑफसेटमधून दिवसभर जॉब वाचवतो, त्याला प्रोग्राममध्ये एक कंस उघडून कारण लिहिण्याची मुभा नसावी हा अन्याय आहे, आणि शॉपचं नुकसानही. बारा वर्षं एकाच मशीनवर उभं राहिलेल्या माणसाला आपण 'ऑपरेटर' म्हणतो आणि त्याचं एक वाक्यही जपून ठेवत नाही.

उल्हासनगरला याच फाइलीचं वेगळं रूप दिसतं. फाळणीनंतरच्या निर्वासित छावणीतून उभ्या राहिलेल्या आणि १९४९ मध्ये हे नाव मिळालेल्या या शहरात फर्निचरचा मोठा बाजार आहे. तिथली नक्षीची दारं, देवघरांच्या जाळ्या आता सीएनसी राउटरवर कोरल्या जातात. त्यांच्याही फाइली 'एनसी' किंवा 'टॅप'च, आतली भाषाही तीच. पण त्या कुणी हातानं लिहिलेल्या नसतात. सॉफ्टवेअरमध्ये गणपतीचा उठाव तयार करायचा, टूल निवडायचं आणि वाट काढून घ्यायची. गोलाईचं वळण असंख्य बारीक सरळ रेषांत तुटतं आणि ओळी लाखांवर जातात. तीस लाख अक्षरांची फाइल तिथे अपूर्वाईची नाही. ती जुन्या कागदी फितीवर मारली असती, तर फीत साडेसात किलोमीटर झाली असती, अंबरनाथ आणि बदलापूर स्टेशनांमधल्या रुळांच्या जवळपास तेवढी.

एवढं लिखाण कुणी वाचत नाही, वाचूही शकत नाही. तरी तिथल्या कारागिराकडे फाइलीत नसलेली गोष्ट आहेच. लाकडाच्या पृष्ठभागावर झेड शून्य कुठे, हे तोच ठरवतो. पातळ कागदाचा तुकडा टूलखाली ठेवून तो सरकवत राहतो, टूल हळूहळू खाली आणतो, कागद अडकला की तिथे शून्य. फळी किंचित वाकलेली असेल तर कुठल्या कोपऱ्यात शून्य घ्यायचं, सागाच्या रेषा कुठून सुटतील, एमडीएफची पावडर कुठे दाटेल, हे लाखभर ओळींना ठाऊक नाही.

वस्तूचं वर्णन करणारी, 'इथे भोक आहे, त्याचा टॉलरन्स एवढा' असं सांगणारी नवी भाषा आयएसओ १४६४९ या मानकात २००० नंतर आली. तिची कल्पना मला आवडते. पण आमच्या शॉपमध्ये अजून वाटच लिहिली जाते, त्यामुळे सध्या आपल्या हातात उरतो तो कंस. कंसातला मजकूर मशीन वगळून पुढे जातं. तो फक्त माणसासाठी असतो. मुलं तिथे रोमन अक्षरांत मराठी लिहितात: 'इथे हळू', 'चीप अडकते, बघ', 'जबडे नवीन'. मी ते कधी खोडू देत नाही.

अलीकडे एक शिकाऊ मुलगी याच बुशचा प्रोग्राम कागदावर काढत होती. बोअरिंगच्या भागाशी ती थांबली. बाहेरच्या कामाला एस२०० आणि आतल्या बोअरिंगला एकदम एस९०. कंसात काहीच नव्हतं.

"सर, इथे वेग निम्म्याहून कमी का केलाय? वाढवू का?"

मला कारण माहीत नव्हतं. प्रोग्राम ज्या सेटरकाकांनी लिहिला होता ते निवृत्त होऊन बदलापूरला असतात. तिलाच फोन लावायला सांगितलं.

"काका, ओ एकवीसच्या बोअरिंगला नव्वद का ठेवलंय?"

"तेव्हा पंचवीसचा स्टीलचा बार होता गं. नव्वद लांबीची बुश, बार एकशे दहा बाहेर काढावा लागायचा. व्यासाच्या चौपटीच्या वर गेला की थरथरतो. चॅटर यायचा, भोकात लाटा. वेग उतरवला तेव्हा शांत झाला. आता कुठला बार आहे?"

तिनं बार पाहिला. "कार्बाइडचा आहे. पंचवीसचाच."

"बाहेर किती?"

ती स्टील पट्टी घेऊन गेली, मोजून आली. "एकशे दहाच."

"मग कार्बाइडला चालतं तेवढं. दीडशेनं सुरू कर. आवाज ऐक. ओरडला तर एकशे वीसवर ये. आणि पहिलं भोक थंड झाल्याशिवाय मोजू नकोस."

सुपरवायझरकडून किल्ली आणली. तिनं आकडा बदलला आणि त्याच्यावर कंस उघडला. एका ओळीत मावेना म्हणून दोन केल्या: पहिलीत कार्बाइड बार २५, बाहेर ११०, म्हणून एस१५०; दुसरीत आधी स्टीलचा बार होता, चॅटर येत होता, म्हणून एस९० होता. खाली काकांच्या नावाची अक्षरं, तिच्या नावाची अक्षरं आणि तारीख. मग सिंगल ब्लॉकचं बटण दाबून तिनं पहिला जॉब चकमध्ये धरला.